कार्ड नंबर सतरा आणि कोऱ्हाळ्याचा पाऊस

९ नोव्हेंबर १९९८, निमगाव केतकी

आज गावात माहिती केंद्र सुरू झाले. दूध संस्थेची जुनी खोली, एक संगणक, एक टरटरणारा प्रिंटर आणि एक भली मोठी बॅटरी. वीज जाणारच हे धरून चालणारी योजना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. रोज अकरा वाजता बारामतीच्या मुख्य केंद्रातून फोनच्या तारेवरून माहिती उतरणार : बाजारभाव, कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या, यष्टीच्या वेळा, सरकारी योजना, गावोगावच्या खबरा. योजनेचे अध्यक्ष आप्पासाहेब भाषणात तीन वेळा 'माहितीची गंगा' म्हणाले. चौथ्यांदा म्हणणार तोच वीज गेली आणि लाउडस्पीकरने लोकांची सुटका केली.

पुण्याच्या दैनिकाला इंदापूर तालुक्याच्या बातम्या पुरवण्याचा माझा बावीस वर्षांचा धंदा. त्यात आता भर म्हणून केंद्रासाठी रोज 'तालुक्याची खबर' लिहून द्यायची. मोबदला : कार्ड नंबर सतरा, तहहयात मोफत.

यंत्राची करामत अंथुर्ण्याच्या संघपालची. पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेला, बोलताना घाईत, ऐकताना त्याहून घाईत. "सर, बेचाळीस विषयांचा फॉर्म आहे. ज्याला जे हवं त्यावर त्यानं खूण करायची. त्याचं कार्ड घातलं की त्याला तेवढंच दिसणार. ज्याचं त्यानं निवडायचं."

मला हे फार आवडले. मी साहित्य, शिक्षण आणि संस्कृती यांवर खुणा केल्या. तिन्ही पाने कोरी निघाली. तिथे लिहिणारा अजून नेमायचा आहे म्हणे.

केंद्र चालवायला फरजाना आहे. कोऱ्हाळे बुद्रुकच्या बादशाह मुलाणीची मुलगी. इथे मावशीकडे राहते. मला 'काका' म्हणाली, लहानपणी म्हणायची तसेच. मी "बरं आहे ना" एवढेच विचारले. घरच्यांचे विचारायचे राहिले. गर्दी फार होती.

१४ नोव्हेंबर

एकशे बारा फॉर्म भरून आले. एकशे अकरा जणांनी बेचाळीसच्या बेचाळीस विषयांवर खुणा केल्या आहेत. एकशे बारावा मी.

संघपाल डोके धरून बसला होता. तात्याबा पंचाहत्तरीचे, पत्नी जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांनी 'गरोदर मातांचा आहार' यावरही खूण केलेली. संघपालने विचारले, "आबा, हे कशाला?"

"आसू द्या की. फारमात रिकामी जागा ठिवली की उद्या सायेब म्हणत्यात, तुमीच न्हाय म्हणला हुता."

यावर पुण्याच्या कॉलेजात काही शिकवलेले नसावे. इथल्या माणसाला फॉर्म म्हणजे 'काय हवे' हा प्रश्न नसतोच. 'काय सोडता' असा तो प्रश्न असतो, आणि सोडायला कोणी तयार नाही.

२१ नोव्हेंबर

बाजारचा दिवस. पानमळेवाल्या चंद्राबाई कार्ड घेऊन आल्या. प्रिंटरने चौदा पाने ओकली. त्यांना हवा होता फक्त विड्याच्या पानाचा भाव, तो अकराव्या पानावर शेळ्यांच्या जंतांखाली सापडला. उरलेली तेरा पाने त्यांनी घडी करून कमरेला खोचली.

"वाचणार का?" मी विचारले.

"पानं बांधाया झाली. फुकाट कागुद सोडती व्हय मी?"

माहितीच्या गंगेला निदान घाट सापडला.

२ डिसेंबर

संघपालने फॉर्म रद्द करून 'आपोआप' आणले. आता कोणी काही सांगायचे नाही. माणूस कोणते पान उघडतो, किती वेळ बघतो, ते यंत्र कार्डाच्या नंबराखाली टिपून ठेवणार आणि पुढच्या वेळी तेच आधी दाखवणार. "सर, माणूस तोंडानं काय सांगतो त्याला अर्थ नाही. बोट कुठं जातं ते बघायचं."

मी त्याला म्हणालो की संस्कृत व्याकरणात कर्त्याला जे सगळ्यात हवेसे असते त्याला कर्म म्हणतात. पण हवेसे आहे हे कर्त्याने स्वतः सांगायचे, की बघणाऱ्याने ओळखायचे, याचा खुलासा बारामतीच्या शाळेत कुणी केला नाही. आमच्या वर्गात एकाने हा प्रश्न विचारला होता. गुरुजींनी त्याला तासभर बाहेर उभे केले. शेजारी बसून हसलो म्हणून पाठोपाठ मलाही.

"कोण हो तो?" संघपालने विचारले.

मी म्हणालो, होता एक.

९ डिसेंबर

आपोआपची पहिली फळे. केंद्रात एकटे असे कोणी बसत नाही, पाठीमागे आठ माणसे उभी असतात आणि कोणते पान उघडायचे ते मागची माणसे ठरवतात. कुंडलिक आळीत सगळ्यांत तरुण आणि भिडस्त, तेव्हा त्याच्या कार्डावर आळीभरच्या फर्माइशी. आज त्याचे कार्ड घातल्याबरोबर पहिले पान आले 'गुडघेदुखीवर उपाय', दुसरे 'वधू-वर सूचना', तिसरे परत गुडघेदुखी. कुंडलिक कानापर्यंत लाल झाला. लग्न ठरवतोय की म्हातारा झालाय, यावर पाठीमागे चर्चासत्र रंगले.

माझ्या कार्डाची मात्र काळजी नाही. मी नेहमी बातमीच्या कामापुरतेच बघतो.

१२ डिसेंबर

आज माझे कार्ड घातले. यंत्राने क्षणभरही विचार न करता पहिले पान दाखवले :

कोऱ्हाळे बुद्रुक. पर्जन्यमान : ०.० मि.मी. शेरा : काल होता तेवढाच.

मी फरजानाला म्हणालो, यंत्रात बिघाड आहे. ती म्हणाली, "काका, तुम्ही रोज उघडता ते पान."

रोज नाही. रविवारी केंद्र बंद असते.

संघपालला बोलावून समजावले की वार्ताहराला पावसाची नोंद ठेवावी लागते. "डिसेंबरात, सर?" अवर्षणाचा अभ्यास हा बारमाही विषय आहे, असे मी सांगितले. "मग बाकीच्या एकोणीस गावांचं पर्जन्यमान का नाही उघडत?" बाकीच्या गावांत शेरा लिहीत नाहीत, हे मी त्याला सांगितले नाही. हा मुलगा हुशार आहे, पण प्रश्न कुठे थांबवावेत हे त्याला कळत नाही.

आता लिहायलाच बसलो आहे तर लिहून टाकतो. बादशाह मुलाणी आणि मी सातवी ते अकरावी एका बाकावर. संस्कृत घेतलेले बुद्धवाड्यातला मी आणि मुलाण्याचा तो, बाकीचा वर्ग आमच्याकडे पाहुण्यांकडे बघावे तसा बघायचा. पुढे त्याने कोऱ्हाळ्यात सायकलचे दुकान काढले. बहात्तरच्या दुष्काळानंतर दुकानामागे पर्जन्यमापक बसवला आणि रोज सकाळी साडेआठला माप. पगार नाही, हुद्दा नाही. आकडे मी पेपरला पाठवायचो. पंधरा वर्षे.

१९९१ च्या ऑगस्टात एक दिवस शेजारच्या तीन गावांत थेंब नाही आणि याच्या मापात त्रेचाळीस मिलिमीटर. मी बातमी केली : 'कोऱ्हाळ्यात बादशाही पाऊस. आता सरी हुकमावर. गरजू गावांनी अर्ज करावेत.' बातमी गाजली. पुढे वर्षभर यष्टी स्टँडवर लोक त्याला विचारायचे, "बादशाहभाई, आज किती पाडला?" त्याने आकडे पाठवणे थांबवले. मग बोलणे. सात वर्षे झाली. आता त्याचे माप कोऱ्हाळ्याच्या केंद्रातून या पानावर येते.

विनोद माणसाला कळायला हवा. शिवाय मी खोटे काही लिहिले नव्हते. तिन्ही गावांना फोन करून खात्री केली होती. कोऱ्हाळ्याला केला नाही, कारण तिथला फोन बादशाहच्याच दुकानात होता.

१८ डिसेंबर

कालच्या खबरेत मी लिहिले होते : निमगावच्या वाचनालयात कपाटाचे उद्घाटन, पुस्तके यथावकाश.

आजचा कोऱ्हाळ्याचा शेरा : ०.०. आभाळाचेही उद्घाटन झालेले आहे. आत काही नाही.

योगायोग म्हणून सोडून दिला. पण सरकारी नमुन्याच्या रकान्यात अशी भाषा वापरणे बरोबर नाही. फरजानाला तसे बोललोही. ती म्हणाली, "मी अब्बूंना सांगितलं होतं, शेरा लिहायलाच पाहिजे असं नाही. तर म्हणाले, एक वाचक आहे." पानाच्या तळाशी खरोखरच असते : आजचे वाचक, १.

मी घाईघाईने विचारले, त्याला नंबर दिसतो का? "नाही काका. नंबरावरून नाव सांगायचं नाही असा नियम आहे." नियम चांगला आहे. तेव्हा बादशाहला कळायचे काहीच कारण नाही.

२९ डिसेंबर

चार दिवस पुण्याला होतो. आल्यावर मागची पाने बघितली.

२६ : ०.०. शेरा : वाचकही शून्य.
२७ : रविवार.
२८ : ०.०. शेरा : पाऊस नाही याची सवय आहे. वाचकाची तब्येत बरी असावी.

वाचकाच्या तब्येतीची चौकशी हे पर्जन्यमापकाचे काम नव्हे. मात्र सर्दी झाली होती हे खरे.

१६ जानेवारी १९९९

दुपारी अवकाळी सर आली. गंमत अशी की रस्त्याच्या पलीकडे चंद्राबाईंचा पानमळा चिंब आणि अलीकडे यष्टी स्टँडवर धूळ. मी कोरड्या बाजूला उभा राहून ओला रस्ता बघत होतो. पुरी पाच मिनिटे. मधे जेमतेम पन्नास पावले.

"श्रीपतीदादा, असं काय बघताय? कुठं पडतुय, कुठं न्हाय. पाऊस काय इचारून पडतुय व्हय?" चंद्राबाई पदर पिळत म्हणाल्या.

खबर लिहायला घेतली, जमली नाही. संध्याकाळी जेवण गेले नाही. बहुधा स्टँडवर खाल्लेली भजी.

३० जानेवारी

आप्पासाहेब आणि संघपाल बारामतीहून आले. आपोआप यशस्वी ठरले आहे. आता पुढची पायरी : महिन्यात दहापेक्षा कमी वाचक असलेली पाने यंत्र फेब्रुवारी अखेर आपोआप काढून टाकणार. फोनच्या तारेवर उगाच ओझे नको. यादी लावली. अठ्ठेचाळीस पाने. साहित्य, शिक्षण, संस्कृती आहेतच. सव्विसावे कोऱ्हाळ्याचे पर्जन्यमान. सरासरी वाचक : एक.

मी म्हणालो, हा अन्याय आहे. जून लागला की त्याच पानावर गर्दी होईल. संघपाल म्हणाला, "यंत्राला जून माहीत नाही, सर. त्याला फक्त मागचं दिसतं." हे वाक्य त्याने अभिमानाने का म्हटले कळले नाही.

वाट मात्र आहे. कोणाला एखादे पान हवेच असेल तर त्याने 'मला हवे' हा अर्ज भरायचा. नाव, सही, कारण. एक अर्ज आला तरी पान राहील. पण तो अर्ज दोन ठिकाणी लावायचा : इथल्या फळ्यावर आणि ज्या गावचे पान आहे तिथल्या. "मागणी खरी आहे हे लोकांना कळायला नको?" आप्पासाहेब म्हणाले.

म्हणजे कोऱ्हाळ्याच्या फळ्यावर माझे नाव. सायकलच्या दुकानासमोर.

६ फेब्रुवारी

कारणाच्या रकान्यात लिहायला मसुदा केला : 'अवर्षणप्रवण प्रदेशातील पर्जन्यनोंदींचे शास्त्रीय सातत्य अबाधित राहावे, या व्यापक जनहिताच्या दृष्टीने...' वाचून माझ्याच अंगावर काटा आला. असे वाक्य दुसऱ्या कोणी लिहिले असते तर मी त्याला आठवडाभर सोडला नसता.

फरजानाला विचारले, नावाच्या जागी 'एक वाचक' लिहिले तर? "नाही चालणार, काका. यंत्र गुपचूप ठेवतं. अर्ज गुपचूप कसा होईल?"

११ फेब्रुवारी

बिनअर्जाची युक्ती काढली. दहा वाचक जमवले की पान आपोआप राहणार. तात्याबांना चहा पाजून ते पान उघडायला लावले. त्यांनी चष्मा वर-खाली करून शून्य वाचले आणि म्हणाले, "आन् पुढं?" पुढे काही नाही हे ऐकून ते चहाही टाकून गेले. कुंडलिकला सांगितले तर तो म्हणाला, माझ्या कार्डाची आधीच शोभा झालीय.

शेवटी चंद्राबाई.

"शून्य बघाया मी कशाला येऊ? आमच्या आडात बघितलं तरी दिसतंय."

"अहो, एका चांगल्या माणसाचं काम बंद पडेल."

"कुनाचं? फरजानाच्या बाचं?" त्यांनी पानांची चळत खाली ठेवली. "दादा, दोस्ताला भेटायचं आसंल तर यष्टी जाती की बारामतीला. तितनं फुडं कोऱ्हाळ्याला. ह्या डबड्याच्या पुढ्यात कशाला उभं ऱ्हाताय रोज?"

फरजाना मान खाली घालून कळफलक पुसत होती. तो सकाळीच पुसलेला होता.

या बाईंना संगणकातले काही कळत नाही, हे मी संघपालला एकदा सांगितले होते. ते मागे घेतो.

१९ फेब्रुवारी

०.०. शेरा : हे पान महिनाअखेर बंद होणार असल्याचे कळले. यंत्राचे बरोबर आहे. एकासाठी तार अडवू नये. त्या एकाला कळवतो की माप चालू राहील. फक्त सांगायला कुणी नसेल.

उभ्याउभ्या तीनदा वाचले. पाठीमागे आठ माणसे होती. कोणीही दुसरे पान उघडायला सांगितले नाही. निमगावच्या इतिहासात हे प्रथमच.

२४ फेब्रुवारी

आज अर्ज भरला. यंत्राला माझे गुपित तीन महिन्यांपासून ठाऊक आहे. त्याने ते कुणाला सांगितले नाही आणि मलाही सांगायला लावले नाही. इतका समजूतदार नोकर मिळाला की माणूस आळशी होतो.

नाव लिहिले. सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिले :

'ऑगस्ट १९९१ मध्ये कोऱ्हाळ्यात पाऊस पडला होता. मी न बघता असे लिहिले की तो पडलाच नव्हता असे लोकांना वाटले. हा माणूस नीट मोजतो. श्रीपती.'

फरजानाने अर्ज वाचला. ओढणीच्या टोकाने डोळे पुसले आणि अगदी सरकारी आवाजात म्हणाली, "काका, तारीख राहिली."

तारीख घातली. एक प्रत इथल्या फळ्यावर. दुसरी अकराच्या तारेवरून कोऱ्हाळ्याला गेली. यंत्राला ते ओझे पेलले.

तात्याबा फळ्यापुढे थांबले, वाचले. "मंजे तवा पाऊस पडला हुता व्हय? आनि आमी त्या बिचाऱ्याला किती हासलो." मी म्हणालो, हसायला मीच लावले होते. ते म्हणाले, "ते बी खरं," आणि गेले. मी एवढ्या लवकर होकाराची अपेक्षा केली नव्हती.

२५ फेब्रुवारी

०.०. शेऱ्याचा रकाना कोरा.

२६ फेब्रुवारी

०.०. कोरा.

संघपाल आला होता. फळ्यावरचा अर्ज त्याने दोनदा वाचला. त्याच्याकडून हे अनपेक्षित. मग म्हणाला, "सर, माझ्या प्रोग्रॅमनं तुमच्या कार्डावर अनुमान काढलं होतं : आवड, हवामान." मी म्हणालो, उघडलेले पान बरोबर धरले होते, बाबा. तेवढ्यावरून कुणाला ओळखता आले असते तर सात वर्षे कशाला लागली असती.

तो आता दोन्ही ठेवणार आहे. यंत्र सुचवेल, पण ठेवायचे की काढायचे ते माणूस सांगेल. तुमच्या कार्डावरचे आपोआप चालू ठेवू का, असे विचारले. मी म्हणालो, बंद कर. मला काय हवे ते मी सांगत जाईन. सवय करायला थोडा वेळ लागेल, तेवढा दे.

२७ फेब्रुवारी

अकरा वाजता फरजानाने मला हाक मारली नाही. नुसता पडदा माझ्याकडे वळवला.

कोऱ्हाळे बुद्रुक. पर्जन्यमान : ०.० मि.मी. शेरा : दुरुस्ती. दिनांक १४ ऑगस्ट १९९१. त्रेचाळीस नव्हे, साडेत्रेचाळीस.

तळाशी : आजचे वाचक, १.

अर्धा मिलिमीटर मी खाल्ला होता. सात वर्षे त्याला तोही सलत असणार. माझ्या बातमीतली ही चूक आजवर कोणी दाखवली नव्हती, आणि ती मान्य करण्याआधी पुरावा बघणे हे वार्ताहराचे कर्तव्यच आहे.

उद्या रविवार. केंद्र बंद. माप साडेआठला असते. पहिली बारामती गाडी किती वाजता सुटते, तिथून कोऱ्हाळ्याला पुढची कधी, हे फरजानाला विचारले. यंत्राकडे न बघता तिने दोन्ही वेळा सांगितल्या आणि पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. "अब्बूंसाठी आहे. मावशीनं केलंय. कुणीतरी जाईल म्हणून मी रोज वाट बघत होते."

चंद्राबाईंकडून पंचवीस पाने घेतली. बादशाहला कळीची, पहिल्या प्रतीची लागतात, हे मी त्यांना सांगितले. विचारायच्या आधी.